ह्यांचं वर्ष आणि अखिलाचा व्हिसा

सोमवार, ९ जून २०२५

तारीख आली. बावीस जुलै, मुंबई, सकाळी आठ वाजता.

भरद्वाज लॅपटॉप उघडा तसाच हातात घेऊन माडीवरून खाली आला. "अम्मा, अखिलाचा इंटरव्ह्यू लागला." मी तूरडाळ निवडत होते. बरं झालं, म्हटलं.

अखिला संध्याकाळी ओरत्तनाडूच्या बसनं शाळेतून आली. त्यानं तिला दारातच सांगितलं. तिनं पाय धुतले, हात पुसले, आणि विचारलं, "बावीसला वार कुठला?"

"मंगळवार."

"मंगळवारी माझ्या आठवीच्या वर्गाची गणिताची चाचणी आहे."

भरद्वाज हसत सुटला. "वकिलातीला कळवतो हं. आठवी ब ची चाचणी आहे, तारीख बदला म्हणून." मीही हसले.

देवापाशी दिवा लावताना वात तीनदा विझली. वारा नव्हता.

मंगळवार, १० जून

काल नीट लिहिलं नाही. आज लिहिते, म्हणजे माझं मला कळेल.

भरद्वाज अमेरिकेचा नागरिक झाला त्याला सात वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ह्यांची मूत्रपिंडं गेली तेव्हा तो सगळं टाकून आला. भाड्याचं घर सोडलं, गाडी विकली. कंपनी म्हणाली, तिथूनच काम कर. तेव्हापासून माडीवरची खोली म्हणजे त्याचं ऑफिस. आठवड्यातून तीनदा ह्यांना डायलिसिसला नेणं, बाकीच्या वेळात काम. त्यातच अखिलाचं स्थळ आलं. ह्यांच्या डोळ्यांदेखत लग्न झालं, व्हीलचेअरवर बसून अक्षता टाकल्या ह्यांनी. त्याच महिन्यात भरद्वाजनं तिच्यासाठी अर्ज केला— नवऱ्यानं बायकोला बोलावून घ्यायचा. ऑक्टोबरात हे गेले. अर्ज चालूच राहिला.

आता तो पुरा होतोय. पुरा झाला की दोघं जातील. मी ह्या घरात एकटी. एवढंच आहे सगळं. लिहिल्यावर किती लहान दिसतं.

मराठीत लिहिते, कारण भरद्वाज आणि अखिला मराठी बोलतात पण वाचत नाहीत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी; मीही तमिळ शाळेतली, आठवीपर्यंतची. ही अक्षरं चाळिशीत शिकले, सासूबाईंच्या पोथ्या पुढ्यात ठेवून, एकेक जुळवत. हे म्हणायचे, "भागीरथी, आता कुणाला पत्र लिहिणार आहेस तू?"

सोमवार, १६ जून

आज मासिक श्राद्ध. दर महिन्याला ह्यांच्या तिथीला तिरुवैयारुला जातो. भरद्वाज कावेरीत बुडी मारतो, ओल्या पंच्यानं बसतो, कल्याणराम शास्त्री सांगतील तसं करतो. पाणी अजून गुडघाभरच आहे. धरणाचं सोडलंय म्हणतात, इथवर यायला अवकाश आहे.

त्याच्या डोक्याच्या मागे केस पातळ झालेत. ह्यांचे होते तसेच, त्याच जागी.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती इथे लिहिते. फेब्रुवारीत तिकडच्या वकीलबाईंनी भरद्वाजला सांगितलं होतं— बायकोला बोलावणारा माणूस तिकडे राहणारा हवा. पगार तिकडचा आहे, कर तिकडे भरतोस, तेवढ्यानं भागत नाही. राहतं घर तिकडे हवं. तू आधी जा, घर घे, मग तिला बोलाव.

मी म्हटलं, वर्ष होईपर्यंत जाऊ नकोस. त्यांना तुझ्या हातचं पाणी जायला हवं. तू एकुलता एक.

त्यानं बाईंना कळवलं, ऑक्टोबरपर्यंत जमणार नाही. त्या म्हणाल्या, मग निदान बायकोबरोबरच परतणार आहेस असे कागद दाखव, कदाचित चालेल. कंपनीनं पत्र दिलं. तिकडच्या एका मित्रानं दिलं, दोघांना माझ्याकडे खोली देतो म्हणून.

पाणी हे अर्धं कारण. वर्षभर तो घरात राहील, हे दुसरं अर्धं. शास्त्राच्या आड उभी राहून मी मुलाला अडवलं.

बुधवार, २ जुलै

अखिलाची वैद्यकीय तपासणी झाली, चेन्नईला. दोन्ही दंडांत सुया टोचल्यात. तरी आज शाळेत गेली.

जेवताना म्हणाली, "हेडमिस्ट्रेस विचारत होत्या— तिसऱ्यांदा परीक्षा देऊन लागलेली सरकारी नोकरी अशी कुणी सोडतं का?"

भरद्वाज म्हणाला, "अगं, तिकडे गणिताच्या शिक्षकांची टंचाईच आहे."

तिनं रसम मागून घेतलं.

मंगळवार, १५ जुलै

मासिक झालं. दुपारी भरद्वाजनं तिची तयारी घेतली. ह्यांचा जुना चष्मा नाकावर लावून अधिकारी झाला, मला पंख्याखाली बसवलं, साक्षीदार म्हणून.

"मिसेस अखिला, तुमच्या नवऱ्याला कुठली भाजी आवडते?"

"अम्मा करतील ती."

"नवरा घोरतो का?"

"अम्मांसमोर कसं सांगू?"

मी म्हटलं, सांग गं, त्याच्या बापाचंही मी चाळीस वर्षं ऐकलं.

मग तो चष्मा काढून नीट म्हणाला, "हे बघ. 'नवरा कधी परतणार' असं विचारतील. 'माझ्याबरोबर', एवढंच सांगायचं. मासिक, अप्पा, वर्ष, काही नको. विचारलं तेवढंच."

ती म्हणाली, "सरी, बरं." पुन्हा म्हणाली, "सरी, कळलं." ओट्यावरची पातेली आवरायला उठली. ती मी आधीच आवरली होती.

शनिवार, १९ जुलै

शेजारची अलमेलु आली होती. "आडी महिना लागला. ह्यात कुणी नवं काम काढतं का, मामी?" मी म्हटलं, अमेरिकेच्या पंचांगात आडी नाही. "तेच तर चुकतं त्यांचं," म्हणाली आणि कढीपत्ता घेऊन गेली.

उद्या दोघं निघतात. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे विमान.

मंगळवार, २२ जुलै

अकरा वाजता फोन. व्हिसा दिला नाही. नाकारलाही नाही. एक कागद दिलाय हातात. आल्यावर सांगतो, म्हणाला.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला हवं. राहतील, असं आलं. मग लाज वाटली.

गुरुवार, २४ जुलै

आले. भरद्वाजचा चेहरा शांत आहे. रागावला असता तर बरं झालं असतं.

आत फक्त अखिलाला सोडलं होतं. खिडकीपलीकडे एक बाई. लग्नाचे फोटो पाहिले, हसून बोलली. मग नवऱ्याच्या परतण्याचं निघालं. अखिला म्हणाली, "बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, अम्मा. ते दर महिन्याला वडिलांचं करतात, वर्ष होईपर्यंत त्यांना गाव सोडता येत नाही, असं." बाईनं लिहून घेतलं. म्हणाली, म्हणजे तुमचा नवरा गावीच राहतो. मग त्यानं तिकडे परत घर केल्याचे पुरावे आणा. भाडेकरार, बँक, लायसन, सगळं. ते आले की पुढचं.

भरद्वाज म्हणाला, "जाऊ दे, तिनं खरं तेच सांगितलं." मला बरं वाटावं म्हणून मुंबईची गंमत सांगितली. अखिला रिक्षावाल्याशी मराठीत बोलली. त्यानं मागे वळून विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या ऐतिहासिक नाटकात काम करता?"

मी हसले. अखिला हसली नाही. ती माझ्याकडे बघत नाहीये. जेवण वाढतानाही खाली मान.

बरोबरच आहे तिचं. अडलं ते माझ्या हट्टापायी. ती बोलत नाही, एवढाच तिचा मोठेपणा.

गुरुवार, ३१ जुलै

वकीलबाईंना माझंही पत्र हवंय. भरद्वाजनं इंग्रजीत टाइप केलं, मग मला मराठीत वाचून दाखवलं. प्रत्येक ओळीला थांबत होता.

"माझा मुलगा त्याच्या आजारी वडिलांच्या सेवेसाठी आला होता. माझे पती निवर्तले. मुलाला इथे राहण्याचं कारण आता उरलेलं नाही."

मी म्हटलं, ही शेवटची ओळ पुन्हा वाच.

त्यानं वाचली. मग म्हणाला, "अम्मा, हे असं लिहावं लागतं. कागदापुरतं."

मी म्हटलं, कळतं मला. पेन दे.

तमिळमध्ये सही करते, तशीच केली. खाली तारीख घातली. 

रविवार, ३ ऑगस्ट

आज आडी अठरा, आडीच्या अठराव्या दिवसाचा नदीचा सण. बायका नदीवर चाललेल्या, फुलं, पिवळे दोरे, डब्यात चित्रान्न. आमच्याकडे वर्षभर सण नाही. मी तिरुवैयारुला गेले, पण नदीवर नाही. कल्याणराम शास्त्रींच्या घरी.

विचारलं, मुलगा तिकडे असला तर राहिलेलं कसं करायचं?

त्यांनी मला आधी ताक दिलं. मग म्हणाले, "बायकोला अधिकार आहे. दर्भ तुमच्या हातात देऊन मी चालवीन. मुलगा असून तो नाही, हे आपल्या मनाला लागतं एवढंच. शास्त्राला चालतं."

"मग फेब्रुवारीतच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई. तुम्ही सांगितलंत."

खरं आहे. विचारलं नव्हतं.

घरी येऊन भरद्वाजला म्हटलं, ह्या महिन्याचं मासिक कर आणि जा. पुढचं आणि वर्षाचं मी करते.

"अम्मा, तूच तर—"

म्हटलं, मी म्हणाले होते. आता हे म्हणते. तुझ्या बायकोचं आयुष्य माझ्या दाराशी अडवून ठेवायचं नाही मला.

तो माझ्या पायांशी बसला. खूप वेळ. अखिला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आनंदानं असेल. माणूस फार वाट पाहतं तेव्हा असं होतं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

त्याच्या हातचं शेवटचं मासिक. नदी भरलीय. त्यानं तीन बुड्या मारल्या. तिसरीला जरा जास्तच वेळ आत राहिला.

बुधवार, २० ऑगस्ट

गेला.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

माडी झाडली. टेबलावर कपाचे गोल डाग आहेत. पुसले नाहीत.

अखिला शाळेत जाते, येते, वह्या तपासते. आम्ही दोघी कमी बोलतो. ती मला औषधाची आठवण करते. मी तिचा डबा भरते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मासिक मी केलं. दर्भाचं पवित्र बोटात घालताना शास्त्रींनी विचारलं, घट्ट होतंय का? नाही म्हटलं. ह्यांचं गोत्र, ह्यांचं नाव. सेतुराम. लग्नानंतर आज पहिल्यांदा ते नाव मी मोठ्यानं उच्चारलं. तीनदा. असं व्हायला नको होतं, पण म्हणताना बरं वाटलं.

रविवार, २१ सप्टेंबर

भरद्वाजनं भाड्याचं घर घेतलं. व्हिडिओवर दाखवलं. दोन खोल्या. खिडकीतून एक झाड दिसतं, पानं आतापासूनच पिवळी. खुर्च्या दोन, ताटं दोन. राइस कुकर आधी घेतला, गादी नंतर. कंपनीचं काम आता तिथल्या ऑफिसातून.

"अखिला, पलंग खिडकीकडे लावू की भिंतीकडे?"

"तुम्हाला आवडेल तसा."

"अगं, तू सांग ना."

"भिंतीकडे."

बरीच दमलेली वाटली. नंतर म्हणाली, उद्यापासून परीक्षेचे जादा तास घेणार आहे. मी म्हटलं, जायचं ठरलंय तर कशाला एवढा त्रास? म्हणाली, "ती मुलं काय म्हणतील, अम्मा? दहावीला मीच लागेन त्यांना."

शनिवार, ११ ऑक्टोबर

वर्ष झालं.

पहाटेपासून स्वयंपाक. उडदाचे वडे, तिळाची चटणी, आंबट भाजी, पायस. ह्यांच्या आवडीचं गोळ्यांचं सांबार विधीत बसत नाही, ते अखिलानं वेगळं केलं, शेवटी कावळ्याला ठेवलं. कावळा पहिल्याच हाकेला आला. तिच्या सांबारावर आला.

भरद्वाजला येता आलं नाही. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकडून हलू नका, असं वकीलबाईंचं सांगणं. शास्त्रींनी फोन चालवून घेतला. अखिला तो दोन्ही हातांनी धरून उभी होती, दीड तास, हात न बदलता. पडद्यावर तो पंचा नेसून जमिनीवर बसला होता. तिकडे दिवस मावळलेला. मी पिंड ठेवला की तो समोरच्या ताम्हनात पाणी सोडायचा. ताम्हन कुठलं, स्टीलची वाटी. पाणी नळाचं.

त्याचे ओठ हलत होते, आवाज मागाहून येत होता. माझ्यानंतर दोन श्वासांनी त्याच्या तोंडून बापाचं नाव.

संपल्यावर म्हणाला, "झालं ना अम्मा सगळं?" झालं म्हटलं. नीट झालं.

फोन बंद झाल्यावर मी रडले. ह्यांच्यासाठी की त्याच्यासाठी, कळलं नाही. अखिलानं मला धरलं. ती माझ्याहून जास्त रडली. तिच्या हातावर फोन धरल्याचे वळ उठले होते.

सोमवार, १० नोव्हेंबर

सगळे पुरावे पाठवले. माझं पत्रही त्यात. आता वाट.

मंगळवार, ९ डिसेंबर

सहामाही परीक्षा. अखिला गठ्ठे घरी आणते. मी पेपरांतल्या गुणांची बेरीज करते, ती पुन्हा तपासते. आज एका मुलीला शंभर. अखिलानं पेपर दोनदा वाचला, मग मला वाचून दाखवला, जणू मला कळणार आहे. तिचा चेहरा तेव्हा किती वेगळा दिसतो. लग्नातही असा नव्हता.

ही गेली की संध्याकाळी बसची वाट पाहायला कुणी नाही. मुलगा गेला तेव्हा वाटलं होतं, यापुढे काही जायचं राहिलं नाही. राहिलं होतं.

रविवार, २१ डिसेंबर

आज तिला म्हटलं. कधीतरी म्हणायलाच हवं होतं. "अखिला, माझ्यामुळे अडलं गं तुझं. मी त्याला थांबवलं नसतं तर जुलैतच व्हिसा मिळाला असता. चार महिने नवऱ्यावाचून काढलेस तू. मला माफ कर."

ती कपडे वाळत घालत होती. ओली साडी हातात, तशीच उभी राहिली. "असं नका म्हणू अम्मा." मग पुन्हा— "कृपा करून असं नका म्हणू." आत निघून गेली. साडी तारेवर अर्धीच.

तिला अजून क्षमा करता येत नसेल. हरकत नाही. मी म्हटलं, एवढं झालं.

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

पासपोर्ट आला. आत व्हिसा आहे.

अखिलानं उघडून पाहिला, मिटला, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. "अम्मा, मुंबईत त्या बाईंनी एकदाच विचारलं, नवरा कधी परतणार. मी म्हटलं, माझ्याबरोबर. त्या 'ठीक' म्हणाल्या, पुढचा कागद घेतला. मासिकाचं मी मागाहून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं."

का गं?

"मला जायचं नव्हतं. तुम्ही सगळे इतके आनंदात होता, नाही म्हणता आलं नाही. वाटलं, अडेल, आणि आपण तिघं इथेच राहू. तुम्ही त्यांना पाठवाल असं वाटलं नव्हतं."

दोन वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही. भरद्वाजनंही नाही.

व्हिसा झाल्याचं त्याला ईमेलनं आधीच कळलंय. तो तिकिटं बघतोय.